स्वस्त खोली कोण बांधणार?

साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला. तेव्हापासून या उद्योगाबद्दलची सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: दर उतरले की नाही? ग्राहकांची बाजू घेणारे विचारतात, बाराचे पाच झाले, मग आमच्या बिलातले सात टक्के गेले कुठे? उद्योगाची बाजू मांडणारे सांगतात, आम्ही रोजगार देतो, परकीय चलन आणतो, तेव्हा आणखी सवलती द्या. दोघंही चुकीच्या जागी भांडत आहेत. या देशाला खरी चणचण आहे ती अडीच ते पाच हजारांतल्या स्वच्छ, सुरक्षित, साध्या खोलीची. आपलं करधोरण आणि कर्जधोरण मिळून नेमकी हीच खोली बांधणं आणि चालवणं सगळ्यात अवघड करून ठेवतं. भांडायचं असेल तर त्यावर भांडायला हवं.

या चर्चेच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: हॉटेल म्हणजे चैन. प्रवाशाच्या मुक्कामाची सोय हा आपल्याकडे मुळात रस्त्याचाच भाग मानला जात होता. अशोकाच्या स्तंभलेखात वाटेवरची वडाची झाडं, विहिरी आणि विश्रांतीच्या जागा एकाच यादीत येतात. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री घाट बांधले, तसेच विहिरी आणि धर्मशाळाही बांधल्या. मुक्काम आणि ऐषआराम यांची गाठ नंतर बसली. स्वतंत्र भारताच्या सरकारने हॉटेल बांधायला घेतलं ते १९५६ साली दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेसाठी. त्यातून ‘अशोक’ उभं राहिलं, आणि हॉटेल म्हटलं की झुंबरं आणि संगमरवर हे चित्र सरकारी फायलींमध्ये कायमचं बसलं. १९८७ च्या खर्च कर कायद्याने रोज चारशे रुपये किंवा त्याहून जास्त भाडं असलेल्या हॉटेलांतल्या खर्चावर दहा टक्के कर लावला. राज्यांचा ऐषआराम कर वेगळा. पण खोली घेतं कोण? औषध कंपनीचा प्रतिनिधी, परळला कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाचे नातेवाईक, परीक्षेसाठी मुलीला घेऊन परगावी गेलेला बाप, लग्नाचं वऱ्हाड, यात्रेकरू. यांतला कोण चैन करायला निघालेला असतो?

आता त्या पाच टक्क्यांकडे येऊ. मथळ्यांत दर आला, त्याच्यासोबतची अट आली नाही. हा पाच टक्के दर इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय आहे आणि तो ऐच्छिक नाही. म्हणजे हॉटेलने खरेदीवर भरलेला जीएसटी गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता करता येत नाही. तो खर्चात जमा होतो. समजा, भाड्याच्या इमारतीत चालणारं एक हॉटेल आहे आणि खोलीचं भाडं तीन हजार रुपये. त्या एका रात्रीमागे ऑनलाइन बुकिंग कंपनीचं कमिशन ६०० रुपये, इमारतीचं भाडं ५००, लॉन्ड्री आणि हाउसकीपिंगचं कंत्राट २५०, सुरक्षा आणि कंत्राटी मनुष्यबळ २००, देखभाल आणि किरकोळ सामान १५०. एकूण १,७०० रुपये, आणि या सगळ्यावर अठरा टक्के दराने ३०६ रुपये जीएसटी. पूर्वी गिऱ्हाइकाकडून बारा टक्क्यांनी ३६० रुपये घेतले जात, त्यातून हे ३०६ वळते होत आणि ५४ रुपये रोख भरावे लागत. सरकारच्या तिजोरीत एकूण जात ३६०. आता गिऱ्हाइकाकडून १५० घेतले जातात, ते सगळे रोख भरायचे, आणि ३०६ हॉटेलच्या अंगावर. तिजोरीत एकूण ४५६. दर निम्म्याहून खाली आला आणि त्याच खोलीमागे सरकारची वसुली वाढली. हॉटेलने हे ३०६ भाड्यात घातले तर खोली ३,३०६ रुपयांची होते आणि पाच टक्के धरून गिऱ्हाईक ३,४७१ रुपये देतं. बारा टक्के असताना तोच माणूस ३,३६० देत होता.

ही गोष्ट सगळ्यांना सारखी लागू नाही, हे मान्य करायला हवं. स्वतःची जागा, घरचीच माणसं कामाला, गिऱ्हाईक फोनवरून किंवा थेट दारात येणारं, अशा लॉजची करपात्र खरेदी रात्रीमागे सहाशे रुपयांची असेल तर त्याचं नुकसान १०८ रुपयांचं. ते भाड्यात घालूनही गिऱ्हाइकाचं बिल ३,२६३ वर येतं, म्हणजे जवळपास शंभर रुपये वाचतात. तीन हजारांच्या खोलीत ही सीमा साधारण अकराशे रुपयांच्या खरेदीवर पडते. त्याखाली असाल तर फायदा, वर गेलात तर तोटा. मग तोट्यात कोण जातं? जो माणसं एजन्सीमार्फत घेतो, बिलं पक्की घेतो, इमारत रीतसर भाडेकराराने घेतो, लिनन बाहेरच्या यांत्रिक लॉन्ड्रीत धुऊन आणतो. सगळा व्यवहार बिलावर आणणाऱ्यालाच दंड करणारी ही रचना आहे. पुरवठादाराकडून कच्चं बिल घेण्याचा मोह तिने पुन्हा जागा केला, आणि तो मोडण्यासाठीच तर जीएसटी आणला होता.

अर्थखात्याची बाजूही पोकळ नाही. क्रेडिटमध्ये खोट्या बिलांचा धंदा चालतो आणि क्रेडिटचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, ही तक्रार खरीच होती. याच कारणाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेस्टॉरंटांचा कर अठरा आणि बारावरून पाचवर आणून क्रेडिट काढून घेतलं गेलं. पुढे काय झालं? अनेकांनी मेनू कार्डावरचे मूळ दर लगोलग वाढवले, नफेखोरीविरोधी प्राधिकरणाकडे तक्रारी गेल्या, काही साखळ्यांवर ठपका आला, आणि पदार्थांचे दर काही खाली आले नाहीत. आठ वर्षांनी तोच उपाय खोल्यांना लावताना हा अनुभव कुणी टेबलावर ठेवला नाही. शिवाय २०१७ मध्ये जे नव्हतं ते आज आहे. पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे आणि पुरवठादाराने विवरणात न दाखवलेलं बिल खरेदीदाराच्या क्रेडिटमध्ये उतरतच नाही. खोट्या बिलांची भीती असेल तर क्रेडिट फक्त खोलीवरच्या कराच्या रकमेपर्यंतच वापरता येईल, परतावा मिळणार नाही, अशी मर्यादा घाला. वरच्या उदाहरणात सरकारला तेव्हाही ३०६ रुपये मिळतात. बारा टक्क्यांच्या तुलनेत तूट ५४ रुपयांची, आणि वळता न झालेला कर भाड्यात घालूनही गिऱ्हाइकाचं बिल ३,३६० वरून खरोखर ३,३०६ वर येतं.

साडेसात हजारांची रेषा हा याच धोरणाचा दुसरा दोष. ७,५०० रुपयांच्या खोलीचं करासह बिल ७,८७५ होतं. रेषेच्या वर कर अठरा टक्के, पण क्रेडिटसह; त्यामुळे ७,५०१ च्या खोलीचं बिल ८,८५१. एका रुपयामागे ९७६ रुपयांची उडी. एकाच हॉटेलची तीच खोली पावसाळ्यात ६,८०० ला आणि डिसेंबरात ८,२०० ला जाते, म्हणजे अर्धं वर्ष क्रेडिट नाही आणि अर्धं वर्ष आहे. मग महिन्याच्या विजेच्या देखभालीचं, लिफ्टच्या कराराचं, लॉन्ड्रीचं बिल कोणत्या खोल्यांच्या वाट्याला किती, याचं प्रमाण काढत हिशेबनीस बसतो. ही रेषा २०१७ पासून जागची हललेली नाही. १९८७ सालची चारशे रुपयांची रेषाही अशीच होती. महागाईने तिला चैनीवरून साध्या मुक्कामावर आणून सोडलं आणि मग ती पुन्हापुन्हा वर सरकवावी लागली. रुपयांत आखलेली रेषा दरवर्षी आपोआप सरकणारी असावी, एवढी साधी तरतूद करायला काय हरकत आहे?

खोली चालवण्याचं हे झालं. बांधण्याचं गणित त्याहून कठीण. बांधकाम कंत्राटावर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार स्थावर मालमत्तेवर भरलेल्या या कराचं क्रेडिट कोणत्याच हॉटेलला मिळत नाही, पंचतारांकित असो की साधं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाड्याने देण्यासाठी बांधलेली इमारत विशिष्ट परिस्थितीत ‘प्लँट’ ठरू शकते असं म्हणून एक दार किलकिलं केलं होतं. २०२५ च्या वित्त कायद्याने तरतुदीतल्या ‘प्लँट किंवा यंत्रसामग्री’मधल्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घातलं, तेही १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, आणि दार बंद झालं. साठ खोल्यांच्या हॉटेलचं आठ कोटींचं बांधकाम कंत्राट धरलं तर १ कोटी ४४ लाख रुपये, म्हणजे खोलीमागे २ लाख ४० हजार, पहिला पाहुणा यायच्या आधीच करात गेलेले असतात. कारखान्याच्या इमारतीलाही हे क्रेडिट नाही, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण कारखान्याचा मुख्य खर्च यंत्रांत असतो, त्यावर क्रेडिट मिळतं. हॉटेलचं यंत्र म्हणजे त्याची इमारतच.

यानंतर येतं कर्ज. हेच साठ खोल्यांचं हॉटेल नाशिकला बांधायचं असं धरू. जमीन सोडून खर्च बारा कोटी, त्यात कर्ज ७ कोटी २० लाख, व्याज दहा टक्के. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता साडेनऊ लाखांच्या आसपास, वर्षाला १ कोटी १४ लाख. वीस वर्षांच्या मुदतीने महिन्याला सात लाखांच्या आत, वर्षाला ८३ लाख. नवं हॉटेल पहिल्या दिवसापासून भरत नाही. पहिली दोन वर्षं निम्म्या खोल्या भरल्या तरी चांगलं म्हणायचं. निम्म्या म्हणजे वर्षाला १०,९५० खोली-रात्री, तीन हजारांनी ३ कोटी २८ लाखांचं उत्पन्न, आणि तीस टक्के चालू नफा धरला तर हातात ९८ लाख. वीस वर्षांचं कर्ज असेल तर हप्ता भरून थोडे पैसे उरतात. दहा वर्षांचं असेल तर पहिल्याच वर्षी सोळा लाखांचा खड्डा पडतो. तो बुजवायला मालक काय करतो? गाद्या बदलणं पुढे ढकलतो, रात्रपाळीचा माणूस कमी करतो, पाण्याच्या टाकीची सफाई लांबवतो. पासष्ट टक्के खोल्या भरायला लागल्यावर हेच हॉटेल व्यवस्थित नफ्यात असतं. धंदा बरोबर होता, कर्जाची मुदत चुकीची होती. इमारत पन्नास वर्षं टिकणारी आणि कर्ज दहा वर्षांत फेडायचं, असा हा मेळ आहे.

लांब मुदतीचं कर्ज मिळावं म्हणूनच पायाभूत सुविधांचा दर्जा मागितला जातो, आणि तो मुळीच दिलेला नाही हा उद्योगाचा प्रचार अर्धाच खरा आहे. २०१३ पासून केंद्राच्या यादीत हॉटेलं आहेत. अट पाहा: जमीन सोडून प्रकल्प दोनशे कोटींच्या वरचा हवा. नाहीतर दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात तीन तारांकित किंवा त्यावरचं वर्गीकृत हॉटेल चालतं. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुढे गेलेली शहरं. एक कुंभमेळ्याचं, दुसरं वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरचं. तिथलं बारा कोटींचं हॉटेल यादीबाहेर. २०२५ च्या अर्थसंकल्पात पन्नास निवडक पर्यटनस्थळांमधल्या हॉटेलांना या यादीत घेण्याची आणि होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. दोन्ही चांगल्या. पण मुद्रा कर्जाची कमाल मर्यादा वीस लाख. वीस लाख आणि दोनशे कोटी यांच्या मधला जो बांधकाम करणारा आहे, ज्याचं हॉटेल पाच ते पन्नास कोटींचं आहे, त्याने पन्नासच्या यादीत आपलं गाव येतं का याची वाट बघायची. रुग्णाचे नातेवाईक आणि औषध प्रतिनिधी पर्यटनस्थळाला जात नाहीत, ते जिल्ह्याच्या ठिकाणी जातात. मर्यादा दोनशेवरून दहा कोटींवर आणा आणि तारांऐवजी अग्निसुरक्षा, सांडपाणी आणि किमान सोयी हे निकष ठेवा.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा, की हॉटेल उद्योग आज तेजीत आहे, मोठ्या कंपन्या शेअर बाजारात उतरत आहेत, मग यांना हात कशाला द्यायचा? २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या वेळी अहमदाबादमध्ये खोल्यांचे दर कुठल्या कुठे गेले ते लोक विसरलेले नाहीत. हा राग खोटा नाही. पण नफा कुणाला होतो ते पाहा. मोठ्या साखळ्या आता बहुतेक इमारती स्वतः बांधत नाहीत. पाटी आणि व्यवस्थापन त्यांचं, उत्पन्नावर ठरावीक टक्के फी त्यांची. इमारत, जमीन आणि कर्ज स्थानिक मालकाचं. तेजीत फी वाढते, मंदीतही ती मिळतच राहते. बुडतो तो मालक. आणि अहमदाबादचे दर चढले ते खोल्या कमी होत्या म्हणून. देशभरातल्या साखळी हॉटेलांच्या खोल्या मिळून दोन लाखांच्या घरात आहेत, एकट्या लास वेगसमध्ये दीड लाख. २०२४ मध्ये थायलंडला साडेतीन कोटी परदेशी पाहुणे आले, आपल्याकडे एक कोटीहून थोडे कमी. टंचाई असताना दरावर बंदी घातली तर खोली काळ्या बाजारात जाईल. दर खाली यायचे तर खोल्या वाढायला हव्यात.

मग आणखी हॉटेलं म्हणजे आणखी डोंगर पोखरणार का? जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली आणि कललेली हॉटेलं पाडावी लागली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी पाण्याचा आणि कचऱ्याचा ताण कुणाच्या नजरेआड नाही. या आक्षेपापुढे उद्योगाने नमतंच घ्यावं. जिथे धारणक्षमता संपली तिथे एकही नवी खोली नको, सवलत तर दूरच. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: रीतसर हॉटेल बांधणं जितकं अवघड, तितके बंगले आणि फ्लॅट गुपचूप भाड्याने दिले जातात, आणि त्यांचा सेप्टिक टँक कुणी तपासत नाही. नव्या खोल्यांची गरज नांदेड, धुळे, सोलापूर, चंद्रपूर अशा ठिकाणी आहे. कर्जाची सवलत तिकडे वळवता येते.

परवान्यांबद्दल उद्योग जेवढं बोलतो तेवढं मी बोलणार नाही. महाराष्ट्राने सत्तर परवान्यांवरून दहावर येण्याचा निर्णय घेतला, उद्योगाचा दर्जा, म्हणजे वीज आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने, १ एप्रिल २०२१ पासून लागू केला. तरी वीजदर ठरवतो नियामक आयोग आणि मालमत्ता कर घेते महापालिका. मंत्रिमंडळाचा ठराव या दोन दारांपर्यंत पोचायला वेळ लागणारच. खरा प्रश्न सुरक्षेचा आहे आणि तिथे टीकाकार बरोबर बोट ठेवतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोल बागेतल्या हॉटेलला आग लागून १७ माणसं गेली. अशा वेळी नियम सैल करा म्हणणाऱ्याला लाज वाटायला हवी. पण त्या हॉटेलकडे अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र होतं, हेही पाहा. कागद भिंतीवर होता आणि लाकडी पॅनेलिंगच्या अरुंद बोळांतून धूर वर चढला. एकदा दिलेला कागद आग अडवत नाही. जिन्याचा दरवाजा आतून उघडतो का, धूर ओळखणारी यंत्रणा चालू आहे का, पंप दाब धरतो का, हे दर सहा महिन्यांनी कुणीतरी हाताने तपासावं लागतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात ही तरतूद आहे. परवानाधारक संस्थेने यंत्रणा तपासून ती चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा. तो फाइलीत जातो आणि तिथेच राहतो. कर्जाची लांब मुदत, क्रेडिट, वीजदर यांतलं काहीही मिळवायचं असेल तर दोन गोष्टी अट म्हणून घालाव्यात. कंत्राटी कामगारांसह सगळ्यांचा भविष्य निर्वाह निधी बँकेला दर तिमाहीला दाखवायचा, कारण बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर उभ्या असलेल्या स्वस्ताईला जनतेच्या पैशाचा आधार मिळू नये. आणि बी फॉर्म रिसेप्शनवर लावायचा, तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि तारीख पाहुण्याला वाचता येईल असा. इंग्रजांच्या १८६७ च्या सराई कायद्याने सराईवाल्याला भाड्याचा दरफलक दिसेल असा लावायला सांगितलं होतं. त्या फलकाच्या शेजारी आजचा बी फॉर्म लावायला एक चौकट आणि चार खिळे पुरतात.